सप-सप-सोय

आठव्या मजल्यावरच्या सितो बाईंची मोरी
सातव्यावरच्या माझ्या खोलीत गळायची.
अकरा वर्षं.
नेमकी भाताच्या कुकरच्या डावीकडे,
एक वीत सोडून.

पहिल्या दिवशी त्या स्वतः जिना उतरून आल्या,
हातात फडकं, आणि चेहरा असा
जणू माझं घरदार बुडवलंय.
मी म्हटलं, म-गान-यीउ.
काही बिघडलं नाही.
बिघडलं होतं थोडं. भिंतीवरचं कॅलेंडर
ऑगस्टपासून पुढे फुगलं होतं,
पण ते बँकेनं फुकट दिलेलं.

आमच्या तो-क्वा-वानमध्ये
असल्या गोष्टींसाठी शब्दांची चिल्लर
ज्याच्या त्याच्या खिशात असते.
पायावर पाय पडला, मोउ-सी, कुठं काय झालंय.
चहा सांडला, सिउ-सी, एवढीशी तर गोष्ट.
कुणी दोन डॉलर कमी टेकवले,
स्युन-ला, जाऊ द्या, मिटला हिशेब.
आणि सगळ्यात हलकं नाणं,
जे मी मिनीबस चालवायचो तेव्हा
दिवसातून वीसदा खर्चायचो:
सप-सप-सोय.
अक्षरं सुटी केली तर
ओलं, ओलं, चुरा.
ओलं का, चुरा कशाचा, मला विचारू नका.
मलाही कुणी सांगितलेलं नाही.

पण त्या छताखाली उभं राहिलं की वाटायचं,
हा शब्द कुणीतरी माझ्याच खोलीत बसून घडवलाय.
ओलं बादलीत,
ओलं भिंतीला,
आणि पोपड्यांचा चुरा
कुकरच्या झाकणावर.

तीनदा प्लंबर आला. तिन्ही वेळा वेगळा.
तिघांनीही वर बघितलं, मान हलवली,
म्हणाले, सप-सप-सोय,
आणि पैसे घेऊन गेले.

मग आम्ही नाद सोडला.
नव्या वर्षाला वरून मुळ्याच्या वड्या यायच्या,
वाफवून तळलेल्या, आत सोडे घातलेल्या.
डबा रिकामा कसा परत करायचा?
मी खारवलेली अंडी भरायचो.
बादलीतलं पाणी खिडकीतल्या कुमक्वाटला.
झाड जोरात होतं,
माझ्यापेक्षा तब्येतीनं बरं.

साउ-हिंग गेली तेव्हा
सितो बाई खाली येऊन बसल्या.
थेंब पडत होता. दोघंही ऐकत होतो.
त्या दिवशी त्यांनी खिशात हात घातला नाही,
एकही शब्द काढला नाही त्या चिल्लरीतला.
जाताना बादली तेवढी ओतून आल्या.

गेल्या मार्चात लेकीनं त्यांना कॅल्गरीला बोलावलं.
दोन बॅगा, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.
एक मी घेतली.
चौथ्या मजल्यावर दम खाताना विचारलं, कायमच्या?
म्हणाल्या, सिउ-सी.
तिसऱ्यावर पुन्हा एकदा म्हणाल्या,
मी विचारलेलं नसताना.

वर आता एक पोरगा राहतो, चष्मेवाला.
नऊ दिवस ड्रिल चालली. मोरी नवी, पाइप नवा.
खाली येऊन अदबीनं म्हणाला,
मोक काका, आवाजाचा त्रास झाला असेल.
मी म्हटलं, म-गान-यीउ.
त्या रात्री दोनला जाग आली.
कशानं, ते कळायला वेळ लागला.
कशानंच नाही.

परवा फोन आला. तिकडे उणे सव्वीस.
नळ गोठून फुटला म्हणे, तळघरात घोटाभर पाणी,
लेक-जावई बादल्या घेऊन धावताहेत
आणि मी म्हणते सप-सप-सोय,
तर नातवाला वाटलं, आजी काही खायला मागतेय.
हसता हसता खोकला आला त्यांना.
मग आवाज उतरवून विचारलं,
आणि आपलं ते? अजून गळतं का हो?

मी वर बघितलं.
छत कोरडं ठाक, पांढरा रंग दिलेला.
म्हटलं, गळतं ना.
कालच बादली भरली.
अरे देवा, म्हणाल्या, मी पैसे पाठवते, कुणाला तरी बोलवा.
म्हटलं, राहू द्या हो.
सप-सप-सोय.

फोन ठेवला.
बादली नळाखाली धरली,
अर्धी भरली,
आणि कुमक्वाटला घालायला नेताना
थोडी कुकरच्या डावीकडे सांडली.